दुसरीच्या नावावर

"वेणूबाई गलंडे इथंच राहतात ना?"

दारातल्या बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या लॅपटॉपच्या बॅगेकडे.

"हो, माझी आई. सर्वेला आलाय का? गावातला सर्वे तर मीच करते, अंगणवाडीत आहे मी."

"सर्वे नाही. तुमच्या आईचं एक गाणं आहे माझ्याकडे. सत्तावीस वर्षांपूर्वीचं."

बाईंचा चेहरा उजळला. "आईचं गाणं? आई गायची?" त्या वळून मोठ्यानं म्हणाल्या, "आई, अगं बघ कोण आलंय! तुझं गाणं घेऊन आलेत!"

आतून काही उत्तर आलं नाही. मुलीच्या ते लक्षात आलं नाही, माझ्या मात्र आलं.

ही गोष्ट २०११ च्या ऑगस्टमधली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि साताऱ्यातल्या एका संस्थेत अकरा महिन्यांच्या करारावर काम करत होते. शहाणे सर म्हणून एक प्राध्यापक होते. त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून बायकांची गाणी टेप केली होती. ते वारले तेव्हा दोनशे बारा कॅसेट त्यांच्या घरच्यांनी संस्थेला दिल्या. कॅसेट एकेक करून वाजवायची, कॉम्प्युटरवर उतरवायची, आवाज साफ करायचा आणि गाणं कागदावर लिहून काढायचं, एवढंच माझं काम. नोव्हेंबरात सगळं वेबसाइटवर जायचं होतं, म्हणजे कुणालाही, कुठूनही, अगदी फोनवरसुद्धा ऐकता आलं असतं.

एक्केचाळीस नंबरच्या कॅसेटवर सरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'ढाकणवाडी, ता. माण. खडी फोडताना म्हणायचं गाणं. मुख्य गायिका वेणूबाई निवृत्ती गलंडे, मागे पाच बाया. एप्रिल १९८४.' बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर बायकांनी रचलेलं हे गाणं होतं. गाण्यात तलावाची पाळ खचते आणि मातीखाली सापडून सारजा नावाची एक बाई मरते.

> खडी फोडिते फोडिते, ऊन डोईवर आलं
> पाळ खचली खचली, सारजाबाईला नेलं

सरांनी हेच लिहून ठेवलं होतं. पण टेपवर पंख्याची मोठी घरघर होती. ती मी काढून टाकली आणि मागच्या बायका पहिल्यांदाच नीट ऐकू आल्या. मुख्य बाई 'सारजाबाईला नेलं' म्हणत होती. मागच्या पाचजणी खालच्या आवाजात 'वेणूबाईला नेलं' म्हणत होत्या. एकदा नाही, प्रत्येक वेळी. चालीतही वेणूच नीट बसत होतं. सारजा म्हणताना एक अक्षर जास्त होत होतं आणि ते घाईनं उरकलं जात होतं.

मला प्रश्न पडला तो पुढचा होता. वेणूबाई तर स्वतः गात होती. समोर बसून गाणाऱ्या बाईलाच मागच्या बायका मेली म्हणून का गातील?

सरांना विचारायची सोय नव्हती. म्हणून मी एका गुरुवारी सकाळची एसटी पकडून ढाकणवाडीला आले.

घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं होतं. पुढच्या खोलीत वेणूबाई भिंतीला टेकून शेंगा फोडत बसल्या होत्या. पासष्टीच्या असतील. अंगानं काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी मला बसायला सांगितलं, पण हातातल्या शेंगा सोडल्या नाहीत.

मुलीचं नाव मालन. ती चाळिशीला आलेली, चटपटीत बाई होती. नवरा पुण्याला ट्रकवर होता, दोन मुलं शाळेत गेली होती. तिनं चहा टाकला आणि स्वयंपाकघरातूनच बोलत राहिली. "आई, तू एवढी गायचीस आणि मला कधी सांगितलं नाहीस? मला तर अंगाईसुद्धा आठवत नाही."

मी लॅपटॉप उघडून गाणं लावलं. सत्तावीस वर्षांपूर्वीचा आवाज खोलीत वाजायला लागला तशा वेणूबाईंच्या बोटांतल्या शेंगा थांबल्या. मालन चहाचे कप घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

"हा तुझा आवाज आहे?"

 गाणं संपल्यावर मी विचारलं. आज इतक्या वर्षांनीही तो प्रश्न मला जसाच्या तसा आठवतो, कारण तो मी त्या मुलीसमोर विचारायला नको होता.

"आजी, तुम्ही सारजा म्हणता आणि मागच्या बाया वेणू म्हणतात. असं का?"

वेणूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे मुलीला म्हणाल्या, "मालन, पाव्हणीला जेवू घालायला पायजे. वरच्या आळीच्या बाळूकडनं अंडी घिऊन ये. आन् येताना पिठाच्या गिरणीत डबा ठेवलाय, तो बी आण."

"आई, ते काय म्हणतायत ते ऐकू दे की."

"जा म्हनलं ना."

मालन गेली. तिच्या चपलांचा आवाज लांब गेल्यावर म्हातारीनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"ते यंत्र बंद कर आधी."

मी लॅपटॉप मिटला.

"त्यात तू काय ऐकलंस, ते कुणी कुणी ऐकलंय?"

"अजून कुणीच नाही. फक्त मी."

"वेणू बहात्तरच्या दुष्काळात मेली," त्या म्हणाल्या. "मी सारजा."

मला काही कळलं नाही. त्यांनी ते ओळखलं आणि सावकाश, मला समजेल असं सांगितलं.

सारजा आणि वेणू जावा-जावा होत्या. सारजा थोरली. तिचा नवरा लग्नानंतर दुसऱ्या वर्षी साप चावून गेला. मूलबाळ नव्हतं. ती सासरीच राहिली. धाकटी वेणू. तिचा नवरा निवृत्ती दुष्काळ पडला तसा मुंबईला गिरणीत गेला. त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत घरात या दोघी आणि वेणूची चार महिन्यांची लेक. गावाजवळ तलावाचं सरकारी काम निघालं होतं. सारजाचं नाव हजेरीला होतं. वेणूला अंगावर पिणारं मूल होतं म्हणून ती घरी राहायची.

"एक दिस मला ताप भरला. उठवंना. येक दिस खाडा झाला की नाव कमी करायचा मुकादम. वेणू म्हनली, आक्का, तुमच्या नावावर मी जाते. पोरीला तुम्ही बघा. तोंडावर पदर घ्यून गेली. असं समदीच करायची तवा. मुकादमाला ठावं असायचं. तो बघून न बघितल्यावानी करायचा."

त्या थांबल्या.

"दुपारी पाळ खचली."

बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि त्या सांगत राहिल्या. आवाजात काही फरक पडला नाही.

"कागदावर सारजा मेली. मुकादम संध्याकाळी घरी आला, माझ्या पाया पडला. म्हनला, वयनी, आता खरं सांगितलं तर हजेरीपट खोटा ठरंल. चौकशी लागंल, काम बंद पडंल. साडेतीनशे मान्सं हाईत कामावर. गावानं बी तेच इचारलं मला. म्हनले, सारजे, तू बोल, तू म्हनशील तसं करू. मी काय बोलनार? भाकरी तर मला बी लागत हुती. आन् पोरीला बी."

"मग तुम्ही वेणू झालात."

"तिसऱ्या दिवशी हजेरीला वेणू म्हनून हुबी राहिले. रांडव बाई मी, पर कागदावर निवृत्तीची बायकू. सायब तपासाय आले की कुंकू लावून बसायचे, गेले की पुसायचे. मंग पोरगी बोलाय लागली, आई म्हनाय लागली. तवापासनं पुसलं न्हाई."

"आणि निवृत्ती?"

"आला, आठ दिस रडला, गेला. परत आला न्हाई. तिकडंच वारला म्हनं."

"मालनताईंना हे..."

"न्हाई." त्या एकदम म्हणाल्या. "तिला काय बी ठावं न्हाई. तिची आई वेणू आन् मी बी वेणू, मंग इचारायचं काय राहिलं? जुन्या बायांनी तोंडातनं शब्द काढला न्हाई. लई उपकार हाईत त्यांचे. पर त्यास्नी बी राहवंना. खडी फोडता फोडता त्यांनी वेणूचं गाणं रचलं. दुसरं कुठं तिचं नावच राहिलं न्हवतं मेल्याचं."

"मग त्या टेपवर तुम्ही सारजा का म्हणालात?"

"ते तुमचं सर मुकादमाच्या घरी उतरलं हुतं. आमाला तिथंच बसवलं. मुकादम फुड्यात खुर्चीवर बसलेला. वेणूचं नाव ओठावर आलं आन् मी माझंच घातलं. मागल्या बायांनी मातुर घातलं न्हाई." म्हातारी पहिल्यांदा किंचित हसली. "वस्ताद हुत्या रांडा."

 मग मी म्हटलं, "आजी, मी हे वेबसाइटवर टाकत नाही. ती कॅसेट बाजूला काढून ठेवते. घरघर आहे तशीच ठेवते, कुणाला काही ऐकू येणार नाही."

"कधी जानार हुतं ते?"

"दिवाळीनंतर. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला."

"मालनच्या फोनवर बी ऐकू आलं असतं?"

"हो."

त्यांनी बराच वेळ स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हात मोठे होते, बोटांची पेरं जाड झालेली.

"नगं काढू," त्या म्हणाल्या. "पोरगी शाळंत गेली तवा सांगनार हुते. तिचं लगीन ठरलं तवा सांगनार हुते. तिला पोरगा झाला तवा तर शपथ घेतलेली. जीभच उचलत न्हाई. आता तारीक पडली म्हंजे सांगावंच लागंल. दिवाळीला सांगते. तिनं माझ्या तोंडनं ऐकाय पायजे. दुसऱ्या कुनाच्या न्हाई. तू बोलायचं न्हाई."

"नाही बोलणार."

"आता ते यंत्र लाव. समदं गाणं म्हनते. मुकादमाफुडं निम्मंच म्हनलं हुतं."

मी रेकॉर्डर काढला. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि उजव्या मुठीनं जमिनीवर ठोके देत गायला सुरुवात केली. आवाज फाटला होता, पण चाल पक्की होती. जुन्या टेपवर नसलेली दोन कडवी त्यांनी शेवटी म्हटली.

> दुसरीच्या नावावर बाई, भरली हजेरी
> कुणाच्या गं मरणाची कुणाला शिदोरी

> झोळीतली तान्ही लेक, तिला सांगू नका काही
> एक गेली मातीमधी, एक झाली तिची आई

गाणं संपलं आणि अंगणात मालनच्या चपला वाजल्या. "आई, अंडी सहाच मिळाली," ती म्हणाली. मी रेकॉर्डर बॅगेत टाकला. जेवताना मालननं मला तीनदा आग्रह करून वाढलं आणि गाण्याबद्दल विचारलं. म्हातारी म्हणाली, "दिवाळीत सांगते तुला. निवांत." मी निघताना माझं कार्ड त्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी कमरेच्या पिशवीत ठेवलं.

साताऱ्याला आल्यावर मी ती फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. आमचे प्रमुख तगारे सर यांना एवढंच सांगितलं की एक्केचाळीस नंबरचं काम बाकी आहे. ऑक्टोबरमध्ये त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा दिवाळीनंतर देते म्हटलं. मनात मात्र वाटत होतं, म्हातारी सांगणार नाही. इतकी वर्षं जे झालं नाही ते एका तारखेनं कसं होईल?

दिवाळी चार दिवसांवर आली होती तेव्हा मालन संस्थेच्या दारात उभी होती. सकाळचे साडेदहा वाजले असतील. तिनं साडी धड नेसली नव्हती. डोळे ओढलेले होते.

"तुम्हीच ना? ढाकणवाडीला आलेल्या?"

मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. तिनं पाणी तसंच ठेवलं.

"दसऱ्यादिवशी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. चौदा दिवस सिव्हिलला होती, परवा घरी आणली. सगळं समजतं तिला, पण शब्द येत नाही. पाणीसुद्धा मागता येत नाही. नुसतं अं-अं करते." तिनं पर्समधून माझं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्याचे कोपरे मुडपले होते. "हे काढून दाखवते सारखी. कानाला हात लावते आणि माझ्याकडे बोट करते. काल तर कार्ड माझ्या हातात कोंबलं आणि रडायला लागली. तुम्ही काय टेप केलंय तिचं?"

मी काय करावं ते मला सुचेना. 'तू बोलायचं न्हाई' हे शब्द मला स्वच्छ आठवत होते. म्हातारीनं सांगितलं होतं की लेकीनं ते तिच्याच तोंडून ऐकलं पाहिजे. आणि तिचं तोंड तर आता बंद झालं होतं. पण तिनं स्वतः कार्ड हातात कोंबलं होतं, कान दाखवला होता. आवाज तिचाच होता. तो माझ्या कॉम्प्युटरवर होता.

"मालनताई," मी म्हटलं, "त्यांनी एक गाणं म्हटलंय. त्यात एक गोष्ट आहे, ती त्यांना दिवाळीत तुम्हाला स्वतः सांगायची होती."

"आता ती कशी सांगणार?"

मी फोल्डर उघडला, हेडफोन तिच्या हातात दिले आणि बाहेर जायला निघाले. तिनं माझा हात धरला. "थांबा इथंच."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त तिचा चेहरा दिसत होता आणि स्क्रीनवर पुढे सरकणारी रेघ. रेघ कुठं पोचली की कुठलं कडवं चालू आहे ते मला पाठ झालं होतं. 'दुसरीच्या नावावर' आलं तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली. शेवटचं कडवं आलं तेव्हा ती हलली नाही. गाणं संपलं. तिनं स्वतःच माउस घेऊन ते पुन्हा सुरुवातीपासून लावलं. मग तिसऱ्यांदा फक्त शेवटचं कडवं.

हेडफोन काढून तिनं विचारलं, "ही झोळीतली लेक कोण?"

 तिला माझं उत्तर लागलंच नाही.

"आणि मातीत गेली ती वेणू. मग आई कोण?"

"सारजा. तुमची थोरली चुलती."

मग मी तिला सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं होतं तसं. तापाचं, हजेरीचं, मुकादमाचं, कुंकवाचं.  शेवटी ती म्हणाली, "लहानपणी पाणवठ्यावर गेले की बाया माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. मला वाटायचं बाप सोडून गेला म्हणून." मग तिचा आवाज चढला. "सगळ्या गावाला माहीत होतं?"

"जुन्या माणसांना."

"आणि तुम्हाला ऑगस्टपासून. माझ्या घरी जेवून गेलात तुम्ही."

मी टेबलावरचं कार्ड उचलून त्याचे मुडपलेले कोपरे सरळ करत राहिले. 

ती उठून खिडकीशी गेली.  मग डोळे पुसून परत आली, तेव्हा तिचा राग गेलेला नव्हता, पण तो बाजूला ठेवलेला होता.

"तुम्ही चला माझ्याबरोबर. मी एकटीनं तिच्यासमोर कशी जाऊ? काय बोलू?"

मी तगारे सरांना सांगून निघाले. दोन एसटी बदलून आम्ही दुपारी ढाकणवाडीला पोचलो. वाटेत ती एकदाच बोलली. "वेणू कशी दिसायची हे कुणाला विचारू मी? एक फोटोसुद्धा नसेल."

म्हातारी पुढच्या खोलीत बाजेवर निजली होती. तोंड एका बाजूला ओढलं होतं. मला पाहिल्याबरोबर तिचे डोळे मोठे झाले आणि मग ते मुलीकडे वळले. मालननं तिच्याकडे पाहायचं टाळलं. चुलीवरचं पाणी कोमट केलं, रुमाल भिजवून तोंड पुसलं, पेज भरवली, ओघळलेली पेज बोटानं निपटून घेतली. ही सगळी कामं तिनं रोजच्यासारखी केली. मी कोपऱ्यात बसले होते.

वाटी खाली ठेवून ती म्हणाली, "आई, मी ऐकलं."

म्हातारीच्या घशातून आवाज आला. "अं... अं..." डावा हात उचलून ती काहीतरी सांगायला बघत होती. ओठ हलत होते, शब्द होत नव्हता. जितका जोर लावत होती तितकं जास्त अडकत होतं. डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहायला लागलं.

"नको बोलू. नको गं," मालन म्हणाली. तिनं तो हात धरला. पण म्हातारी थांबेना. तशीच धडपडत राहिली. तिला गप्प कसं करावं ते मालनला कळेना. मला वाटतं म्हणूनच तिनं गायला सुरुवात केली. तीनदाच तर ऐकलं होतं. चाल चाचपडत होती.

> खडी फोडिते फोडिते, ऊन डोईवर आलं
> पाळ खचली खचली...

पुढचं नाव तिच्या तोंडातून निघेना.  ती तिथंच थांबली.

"वेणूबाईला नेलं," म्हातारी गायली.

आवाज बोबडा होता, एका बाजूनं हवा निसटत होती. पण शब्द स्वच्छ होता. मालन चमकून मागे सरली. म्हातारी स्वतःही घाबरल्यासारखी दिसली. तिनं पुन्हा बोलायला तोंड उघडलं तर पुन्हा नुसतं "अं".

"आई, गा," मालन म्हणाली. "बोलू नको. गा."

आणि म्हातारी गायली. सगळं गाणं. डाव्या मुठीनं बाजेच्या लाकडावर ठोके देत. मागची ओळ मालन धरत होती, जमेल तशी. शेवटच्या कडव्याला म्हातारीनं मुलीच्या तोंडाकडे पाहत, एकेक शब्द वेगळा करून म्हटलं, "एक... झाली... तिची... आई." मालननं तिच्या छातीवर डोकं टेकलं. म्हातारीचा हात तिच्या केसांवर ठोके देतच राहिला.

थोड्या वेळानं मालन उठली, नाक पुसलं आणि मला म्हणाली, "तुमचं मशीन आणलंय का? लावा. आणि आम्ही दोघींनी म्हटलेलंच घ्या वेबसाइटवर. जुनंही असू द्या, पण घरघर काढून. त्या पाच बाया ऐकू आल्या पाहिजेत."

"गायिका म्हणून नाव काय लिहू?"

तिनं म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी माझ्याकडे पाहत होती.

"सारजाबाई गलंडे," मालन म्हणाली. "तिचं नाव लिहा. आणि गाणं कुणाचं, तिथं वेणू निवृत्ती गलंडे, मृत्यू फेब्रुवारी एकोणीसशे त्र्याहत्तर, असं लिहा. मागं धरणारी, मालन."

पंधरा नोव्हेंबरला ते तसंच गेलं.

मी नंतर डॉक्टर असलेल्या एका मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, असं होतं. बोलण्याची जागा मेंदूत एकीकडे असते आणि गाण्याची दुसरीकडे. एक बिघडली तरी कधी कधी दुसरी शाबूत राहते. मालनला हे सांगायला फोन केला तर तिनं ते हसण्यावारी नेलं. म्हातारीला त्यानंतरही बोलता कधीच आलं नाही. आणखी दोन वर्षं जगली ती. पण चाल लागली की शब्द यायचा, हे दोघींनीही ओळखलं होतं.

"आता पाणी पायजे असलं की त्याच चालीत मागते," मालन त्याच फोनवर सांगत होती. "चहा, गोधडी, पोरांना हाक मारायची असली तरी तीच चाल. दुसऱ्या कशात जमतच नाही तिला. शेजारच्या बायका विचारतात, आईला म्हातारपणी हा गाण्याचा नाद कुठून लागला गं?"

मागून तेवढ्यात म्हातारीचा आवाज आला. ठोक्यावर, स्वच्छ. भात करपतोय म्हणून ती मालनला बोलावत होती.